स्केटबोर्डवरून शाळेपर्यंत: काबूलच्या ‘स्केटिस्तान’ची गोष्ट

चार चाकांची लाकडी फळी गरीब मुलांना शाळेपर्यंत नेऊ शकते का? अफगाणिस्तानात हे घडलंय.

ऑलिव्हर पर्कोविच हे ऑस्ट्रेलियन स्केटर २००७ मध्ये तीन स्केटबोर्ड घेऊन काबूलला आले. ते रस्त्यावर स्केटिंग करू लागले की भोवती मुलं-मुली गोळा व्हायची. त्यातली बरीचशी रस्त्यावर काम करून घर चालवायला मदत करणारी. यातूनच ‘स्केटिस्तान’ ही संस्था उभी राहिली. ऑक्टोबर २००९ मध्ये अफगाण ऑलिम्पिक समितीने दिलेल्या जागेवर तिची शाळा सुरू झाली. २०१३ मध्ये मजार-ए-शरीफमध्ये दुसरी शाळा निघाली.

मुलींना परवानगी कशी मिळाली?

मुलींनी सायकल चालवणं किंवा पतंग उडवणं तिथे अनेकांना पसंत नव्हतं. स्केटबोर्ड मात्र अगदीच नवा. हा फक्त मुलांचा खेळ, असं अजून कुणी ठरवलंच नव्हतं! संस्थेनेही आई-वडिलांची काळजी ओळखली. मुलींसाठी वेगळे दिवस ठेवले, शिकवायला महिला नेमल्या, ने-आण करायला गाडीची सोय केली.

खेळाला जोडून अभ्यास

इथे स्केटिंगबरोबर वर्गात बसणंही आलंच. शाळा सुटलेल्या मुलांचा राहिलेला अभ्यास भरून काढून त्यांना सरकारी शाळेत दाखल केलं जाई. सप्टेंबर २०१२ मध्ये काबूलमधल्या आत्मघाती हल्ल्यात संस्थेतली काही मुलंही मरण पावली. तरीही काम थांबलं नाही. इथल्या मुलींवरच्या माहितीपटाला २०२० मध्ये ऑस्कर मिळाला.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची सत्ता परतली आणि संस्थेला अफगाणिस्तानातले वर्ग थांबवावे लागले. पुढे सहावीनंतरच्या मुलींना शाळेचे दरवाजेच बंद झाले. दक्षिण आफ्रिका आणि कंबोडियातही संस्थेने शाळा उभारल्या आहेत.

भारतातलं जनवार

असाच प्रयोग मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार गावी २०१५ पासून झाला. तिथले नियम दोनच: शाळेत गेल्याशिवाय स्केटबोर्ड नाही, आणि आधी मुलींचा नंबर.

इल्म मिळवणं मुलगा-मुलगी दोघांवरही फर्ज आहे, असं आपण मानतो. स्केटबोर्डने मुलांना शाळेच्या दारापर्यंत आणलं. ते दार उघडं ठेवणं मात्र मोठ्यांच्याच हातात आहे.