दुधाचा पोटापुरता इतिहास

कन्नडसारख्या तालुक्याच्या गावी कोणाच्याही घरी गेले की पाण्याच्या तांब्यापाठोपाठ चहा येतो आणि पाहुणा मानाचा असेल तर त्या चहात पाण्याचा थेंबही नसतो. निव्वळ दुधाचा चहा हा इथल्या आतिथ्याचा मानदंड आहे. आम्ही दोघे इथल्या महाविद्यालयात मराठी शिकवतो. आणि आम्हा दोघांपैकी एकाला दूध सोसत नाही. पोट फुगणे, गुरगुरणे, कळा येणे आणि मग घाईघाईने उठावे लागणे हा त्याचा अनेक वर्षांचा नित्यक्रम. दवाखान्यात आम्लपित्ताच्या गोळ्या मिळाल्या, आणि त्यांच्याबरोबर न चुकता एक सल्लाही मिळाला: ‘हलके खा, दूध घ्या.’ ज्या वस्तूने दुखत होते, तीच वस्तू पथ्य म्हणून पुढे येत होती. हा सल्ला आला कोठून, आणि दूध न सोसणाऱ्या माणसांनी पूर्वी काय केले असेल, या कुतूहलातून प्रस्तुत लेखाचा जन्म झाला आहे.

शोधाला आरंभ घराजवळूनच करता येतो. आमच्या तालुक्यात, सातमाळ्याच्या रांगेत, पितळखोऱ्याची लेणी आहेत. पायऱ्या उतरून, ओढा ओलांडून तिथे जावे लागते. इसवी सनपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतील ही बौद्ध लेणी पाहायला येणारे बहुधा यक्षाविषयी आणि हत्तींच्या रांगेविषयी बोलतात. आम्हांला मात्र तिथल्या ब्राह्मी लेखांतील दोन दाते नेहमी थांबवून ठेवतात. एक पैठणचा मितदेव. तो गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. दुसरा ‘राजवेज’ मगिल, वच्छीचा पुत्र. राजवेज म्हणजे राजवैद्य. त्याच्यासोबत त्याची कन्या दता आणि पुत्र दतक यांचीही नावे दाते म्हणून कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी एका वैद्याचे कुटुंब या दरीतील भिक्षूंसाठी दान देत होते. तो भिक्षूंना काय औषध सांगत असेल, हे लेखांत नाही. भिक्षूंना औषध म्हणून काय घेता येत होते, हे मात्र विनयपिटकातून कळते.

‘महावग्गा’त शरद ऋतूतील आजाराची कथा येते. भिक्षूंना पेजही पचेना, खाल्लेले उलटून पडे, अंगे वाळून गेली. तेव्हा त्यांना पाच औषधांची अनुज्ञा मिळाली: तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी-गुळासारखे फाणित. या पाचांत दूध नाही. दूध वर्ज्य होते असे मुळीच नव्हे. दूध, दही, ताक, लोणी आणि तूप या पाच गोरसांना त्याच ग्रंथात स्वतंत्रपणे परवानगी आहे. परंतु आजाऱ्याच्या यादीत दुधाची दोन रूपे आली, ती स्निग्धांशाची. त्यामागे दुग्धशर्करेचे ज्ञान होते असे म्हणणे हा इतिहासावर अन्याय ठरेल. तूप आणि लोणी टिकतात, दूध टिकत नाही, हे साधे कारणही पुरेसे आहे. एवढे मात्र नोंदवावे, की ‘आजारी माणसाला दूध’ हे समीकरण आपल्याला वाटते तेवढे सनातन नाही.

आयुर्वेदाकडे वळले तर हीच गोष्ट अधिक तपशिलाने दिसते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ प्रकारच्या दुधांची गणना आहे: मेंढी, शेळी, गाय, म्हैस, उंटीण, हत्तीण, घोडी आणि स्त्री. म्हणजे दूध ही एकच वस्तू आहे, असे त्या वैद्यांनी मानलेच नव्हते. म्हशीचे दूध जड, शेळीचे हलके आणि अतिसारात उपयोगी, असा त्यांचा विवेक. ग्रहणी आणि अर्श या रोगांच्या चिकित्सेत चरकाने ज्याची विशेष भलामण केली आहे, ते मात्र ताक आहे. पुढे सोळाव्या शतकातील भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त ताकाच्याही पायऱ्या लावल्या. पाणी न घालता सायीसकट घुसळले तर घोल, साय काढून घुसळले तर मथित, चौथा हिस्सा पाणी घातले तर तक्र, निम्मे घातले तर उदश्वित्, आणि लोणी काढून भरपूर पाणी घातले तर छच्छिका. हे वर्गीकरण म्हणजे एका अर्थी दुर्बळ पोटासाठी रचलेला जिनाच आहे. ज्याला जेवढे सोसेल, त्याने तेवढ्या पायरीवर थांबावे.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. दुधाला पर्याय शोधण्याचा आधुनिक भारतातील सर्वांत गाजलेला प्रयत्न महात्मा गांधींचा. आणि त्याचे दोन महत्त्वाचे अंक महाराष्ट्रात घडले. गांधींनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना त्यांचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबे यांचा होता. या लोण्याचा अतिरेक झाला, हगवण लागली. त्यातच एका सणाच्या दिवशी कस्तुरबांनी केलेला गोड पदार्थ आणि मूग खाल्ले, आणि दुखणे मृत्यूच्या दारापर्यंत गेले. दूध सोडलेल्या माणसाला दुधाच्या एका पर्यायानेच प्रथम दगा दिला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मग सल्लागारांची रीघ लागली. कोणी मांसाचा रस्सा सुचवला, कोणी अंडी. त्यांत केळकर नावाचे एक महाराष्ट्रीय गृहस्थ होते. ते बर्फाचे उपचार करीत, म्हणून गांधींच्या वर्तुळात त्यांना ‘आइस डॉक्टर’ असे गमतीचे नाव पडले. मुंबईत 1919 च्या जानेवारीत शस्त्रक्रिया झाल्यावर डॉ. दलालांनी दुधावाचून शरीर उभे राहणार नाही असे बजावले. गायी-म्हशींवर होणाऱ्या क्रूर प्रकारांमुळे आपण दूध सोडले, असे गांधींनी सांगताच कस्तुरबा उद्गारल्या, की मग शेळीच्या दुधाला काय हरकत? गांधींनी ते घेतले. आणि प्रतिज्ञेचे अक्षर राखून आत्मा गमावल्याची टोचणी त्यांनी पुढे आत्मकथेत मोकळेपणाने मांडली.

त्याच आत्मकथेत एक मजकूर आहे, जो आमच्या प्रश्नाच्या थेट मुळाशी जातो. दुर्बळ पचनशक्ती असलेल्यांना आणि अंथरुणाला खिळलेल्यांना दुधाइतका हलका व पौष्टिक आहार दुसरा नाही, असे गांधी तिथे म्हणतात, आणि तितकाच पचणारा वनस्पतिजन्य पर्याय कोणाला ठाऊक असेल तर त्याने तो कळवावा, मात्र पुस्तकी नव्हे, स्वानुभवाचा कळवावा, अशी विनंती करतात. दूध नैतिक कारणासाठी नको होते. पोटाला मात्र ते मानवत होते. शेळीच्या दुधातही दुग्धशर्करा जवळजवळ गायीच्या दुधाइतकीच असते. ते त्यांना सोसले, त्यावरून त्यांचा अडसर शर्करेचा नसावा, असे अनुमान करता येते. ज्याचे पोट मूळ दुधालाच नाकारते, त्याचा अनुभव या चर्चेत आलाच नाही. आमच्या मित्राला मिळालेला सल्ला, आम्हांला वाटते, याच विश्वासाच्या परंपरेतला होता.

दुसरा अंक वर्ध्याचा. 1935 मध्ये मगनवाडीत सोयाबीन शिजवून खाण्याचे प्रयोग झाले आणि गांधींनी ‘हरिजन’मध्ये त्याविषयी लिहिले. तेव्हा इकडे अपरिचित असलेले हे धान्य आज मराठवाड्याच्या खरिपाचे प्रमुख पीक आहे. तरी ते जाते मुख्यतः तेलाच्या गिरणीला. शेतकऱ्याच्या चुलीवर सोयाबीनचे दूध उकळताना सहसा दिसत नाही.

यामागे एक वैज्ञानिक कारणही आहे, आणि ते समजून घेताना एका मराठी विदुषीचे स्मरण करावे लागते. डॉ. कमला सोहोनी यांनी 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली; पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्यांतील ट्रिप्सिन-रोधकांवर, म्हणजे प्रथिनांचे पचन अडवणाऱ्या द्रव्यांवर, संशोधन केले. आरेच्या दूधप्रकल्पाला त्यांनी मार्गदर्शन केले आणि ‘आहार-गाथा’ हे पुस्तक मराठीत लिहिले. दूध आणि डाळी या दोन्हींकडे सारख्याच चिकित्सक नजरेने पाहणारी ही दृष्टी आम्हांला मोलाची वाटते. कच्च्या सोयाबीनमध्ये ही रोधक द्रव्ये असतात. म्हणून रात्रभर भिजवून, वाटून, गाळून काढलेले त्याचे दूध नीट उकळावेच लागते. उकळल्यावरही काही विशिष्ट शर्करा उरतात, ज्यांनी पोटात वायू धरतो. आमच्या मित्राने सोयादुधाचा प्रयोग केला तेव्हा एक तक्रार जाऊन दुसरी आली, ती याचमुळे असावी.

स्वातंत्र्योत्तर काळाचा स्वर मात्र चिकित्सेचा नव्हता. तो पुरवठ्याचा होता. मुंबईत दारा खुरोडींनी 1946 मध्ये ‘टोन्ड’ दुधाची कल्पना प्रत्यक्षात आणली, 1949 मध्ये आरे वसाहत उभी राहू लागली, युनिसेफच्या भुकटीचे दूध मुलांपर्यंत पोचू लागले, आणि 1970 मध्ये दुधाच्या महापुराची योजना सुरू झाली. टंचाईच्या देशात हे सारे आवश्यकच होते आणि त्याचे ऋण कोणी नाकारू नये. मात्र ‘दूध म्हणजे पूर्णान्न’ हे वाक्य पाठ्यपुस्तकात इतके घट्ट बसले, की दूध न सोसणारा मुलगा नखरे करतो असाच समज घरोघर झाला.

नेमक्या त्याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला चित्र बदलत होते. लहान आतड्यातील लॅक्टेज हे विकर दुग्धशर्करेचे विघटन करते. ते कमी पडले तर शर्करा तशीच मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथले जिवाणू ती आंबवतात, ही यंत्रणा 1960 च्या दशकात स्पष्ट झाली. 1966 मध्ये बाल्टिमोरच्या संशोधकांनी दाखवले, की वंशपरत्वे हे प्रमाण फार वेगळे असते. आज मानले जाते, की जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांत हे विकर बालपणानंतर घटते. म्हणजे रोगी कोण आणि निरोगी कोण, ही वाटणीच उलटी होती. 2002 मध्ये फिनलंडच्या संशोधकांना प्रौढपणीही दूध पचवू देणारा जनुकीय बदल सापडला. भारतातील तपासणीत तोच बदल आढळला. त्याचे प्रमाण वायव्येकडे अधिक, आग्नेयेकडे कमी आणि पशुपालक समाजांत विशेष आहे. आपला महाराष्ट्र या दोन टोकांच्या मधला. एकाच गल्लीत एकाला तांब्याभर दूध पचावे आणि शेजाऱ्याला कपभर चहाने उठवावे, यात नवल ते काय?

आता ताकाचे रहस्यही उलगडते. विरजणातील जिवाणू शर्करेचा काही भाग आम्लात बदलतात आणि उरलेली पचवणारे विकर स्वतःबरोबर पोटात आणतात. चक्का टांगला की पाण्याबरोबर शर्करा गळून जाते. तुपात ती जवळजवळ नसतेच. आजारपणाने आतड्याचे अस्तर दुखावले की चांगल्या पोटालाही काही काळ दूध सोसत नाही. अतिसारानंतर ताक, पेज आणि कण्या देणाऱ्या आजीला विकराचे नाव ठाऊक नव्हते, पण परिणाम ठाऊक होता.

आम्ही भाषेचे विद्यार्थी; म्हणून एक मुद्दा भाषेचा. 2021 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वनस्पतिजन्य पेयांना ‘दूध’ म्हणून विकण्यास मनाई करणारे पाऊल उचलले. ग्राहकाची फसवणूक टळावी हा हेतू रास्तच. पण मराठीने ही सीमा कधी आखली नव्हती. आपल्याकडे नारळाचे दूध आहे. कणसातला दाणा ‘दुधात’ येतो, ‘चिकात’ भरतो. नुकत्याच व्यालेल्या गायीचाही चीक, ज्याचा खरवस होतो, रुईचाही चीक, आणि कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून काढतात तोही चीकच. तो हिंग-मीठ घालून शिजवला की उन्हाळ्यात मुले वाटी घेऊन रांगेत बसतात. धान्य भिजवून त्याचे दूध काढण्याची कृती शहरातल्या दुकानांतील ओट आणि बदामाच्या खोक्यांबरोबर आलेली नाही; ती आमच्या माळवदावर, कुरडयांच्या खाटेशेजारीच होती.

अर्थात प्रत्येक पोटदुखी दुग्धशर्करेची नसते. दुधातील प्रथिनांची ज्याला ॲलर्जी आहे त्याला ताकही चालणार नाही, गहू ज्याला बाधतो त्याने चिकाच्या वाटेला जाऊ नये, आणि तान्ह्या मुलाला असले पर्याय स्वतःच्या मनाने देऊ नयेत. नेमके निदान वैद्यकानेच करावे. इतिहासाचे काम एवढेच, की ‘दूध पचत नाही’ असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायला शिकवावे.

आमच्या मित्राचे म्हणाल तर त्याचे आता बरे चालले आहे. सकाळी ज्वारीची आंबील, जेवणात पातळ ताक, आणि चहा कोरा, इथले आले ठेचून घातलेला. हा शोध पुस्तकातून नव्हे, पोटातून लागला, म्हणून गांधींच्या विनंतीला एक उशिराचे, अपुरे उत्तर म्हणूनही तो गणावा. एकच अडचण उरली आहे. परवा एका विद्यार्थ्याच्या घरी त्याने कोरा चहा मागितला, तेव्हा त्या माउलीचा चेहरा पडला. घरात दूध नाही असे सरांना वाटले की काय, म्हणून. मग तिने ताकाचा तांब्या आणला, आणि दोघांचीही सुटका झाली. राजवैद्य मगिलाने तरी याहून वेगळे काय सांगितले असते!