माळावर पूर्वी जंगल होतं? आधी पुरावा बघू

पावसाळा जवळ आला की वृक्षारोपणाची प्रसिद्धिपत्रकं माझ्याकडे येऊ लागतात. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं: इथे पूर्वी घनदाट जंगल होतं, माणसानं तोडलं, म्हणून माळ ओसाड झाला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, सगळीकडे हेच. पण याला पुरावा काय?

इंग्रजांच्या काळातले जिल्हा गॅझेटियर आहेत. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ आहे, १९०१ ते १९०८ मधला. दोन्ही इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. पण ते आपल्याला फार तर दीडशे वर्षं मागे नेतात. जंगल त्याच्याही आधी तुटलं असेल तर?

त्याचं उत्तर शोधायला आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुनं मराठी साहित्यच चाळलं. संतचरित्रं, कविता, लोकगीतं, कथा. थेट तेराव्या शतकापासूनची. त्यात ४४ रानटी वनस्पतींचे उल्लेख सापडले आणि त्यातल्या २७ गवताळ माळावरच्या निघाल्या. पंढरपुरात कान्होपात्रेचं झाड म्हणून आपण ज्याला हात जोडतो ती तरटीही कोरड्या माळावरचीच. म्हणजे आपला माळ किमान साडेसातशे वर्षं जुना आहे. हा शोधनिबंध २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता कवी म्हटला की अतिशयोक्ती आलीच. म्हणून एका ओवीवर निकाल द्यायचा नसतो. वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या लोकांच्या नोंदी एकमेकींशी जुळतात का, ते बघायचं असतं.

ही नुसती पंडितांची चर्चा नाही. माळढोक, लांडगा, चिंकारा आणि धनगरांची मेंढरं गवतावर जगतात. माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये झालं, तेही माळावरच. तिथे खड्डे खणून दाट झाडी लावली, तर आपण जंगल परत आणत नाही, माळ मोडतो.

तेव्हा तुमच्या गावच्या गायरानात रोपं लावायचा विषय ग्रामसभेत निघाला, तर आधी दोन तास शोधायला द्या. गुगल स्कॉलरवर तालुक्याचं नाव टाका. शोधगंगेवर विद्यापीठांचे प्रबंध आहेत, ते उघडा. गॅझेटियर बघा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जात्यावरच्या ओव्या आठवत असतील, तर त्यातली झाडाझुडपांची नावं वहीत लिहून घ्या. तोही पुरावाच आहे, आणि तो कुठल्याच वेबसाइटवर नसेल.