चंद्रज्योत गॅलरीत कशी आली

उन्हाळ्यात मुक्ताईनगरला घरात झोपवत नाही. बहिणीकडे गेलो की अंथरुणं धाब्यावर पडतात. अशाच एका रात्री भाचा मोबाइलवर युरोपातला फुटबॉलचा सामना बघत होता. गोल झाला आणि पडद्यावरची अख्खी गॅलरी लाल झाली. माणसं दिसेनाशी झाली, उरला तो धूर आणि त्यात जळणारे शे-दीडशे लाल ठिपके. "मामा, हे पाह्य, काय भारी दिसू राह्यलं!" त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. पलीकडे बहिणीच्या सासूबाई पडल्या होत्या. त्यांनी मान वळवली, क्षणभर बघितलं आणि विचारलं, "चंद्रज्योती लावल्या का रे त्यांनी?"

भाच्याने कपाळावर हात मारला. "आजी, फ्लेअर म्हणतात त्याला." पण बरोबर आजीच होत्या, आणि किती बरोबर होत्या ते मला पुढे वाचताना कळलं. त्यांचं माहेर जुन्या एदलाबादचं, म्हणजे याच मुक्ताईनगरचं. त्यांच्या लहानपणी वरातीपुढे डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं चालायची आणि नवरदेव वेशीत आला की दारूवाला चंद्रज्योत पेटवायचा. ती उडत नाही, फुटत नाही. एका जागी धरली की प्रखर जळते आणि आसपासचे चेहरे उजळून टाकते. स्टेडियममध्ये हातात धरतात ते फ्लेअर म्हणजे हीच वस्तू, फक्त नळी आता कारखान्यात बनते.

चंद्रज्योत हा शब्द जुना आहे. ओडिशाचा गजपती राजा प्रतापरुद्रदेव याने 1497 ते 1540 च्या सुमारास राज्य केलं. त्याच्या नावावरच्या 'कौतुकचिंतामणी' या संस्कृत ग्रंथात दारूकामाच्या कृती दिल्या आहेत: गंधक, सोरा, कोळसा, लोखंडाचा कीस, हरताळ असं साहित्य आणि ते भरायला बांबूच्या नळ्या. त्यातल्या प्रकारांत बाण आहेत, पुष्पवर्ती आहे आणि चंद्रज्योतीही आहे. हा मजकूर उजेडात आणला तो पुण्याच्या भांडारकर संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी. भारतातल्या दारूकामाच्या पाचशे वर्षांच्या इतिहासावरचं त्यांचं छोटं पुस्तक 1953 मध्ये निघालं. इतक्या थोड्या पानांत इतकं शोधकाम क्वचितच सापडतं. एकनाथांनी 'रुक्मिणीस्वयंवरा'त लग्नाच्या दारूकामाचं वर्णन केलं आहे, हेही गोड्यांनीच दाखवलं. म्हणजे सोळाव्या शतकातच मराठी माणसाच्या मनात लग्न आणि दारूकाम यांची गाठ बसलेली होती. मराठीत चंद्रज्योतीला 'महताब' असंही म्हणत. तो शब्द फारसी आहे आणि त्याचाही अर्थ चांदणंच. एकाच नळीला दोन भाषांनी चंद्राचं नाव दिलं, कारण तेव्हा तिचा उजेड पांढरा-निळसर होता. लाल रंग फार पुढे आला.

युरोपात याच नळीला काय म्हणतात पाहा. इटालियन माणूस तिला 'बेंगाला' म्हणतो, जर्मन 'बेंगालो', इंग्रजांची ती 'बेंगाल लाइट' आणि फ्रेंचांची 'बंगालची आग'. हॅम्बुर्गच्या गॅलरीतला पोरगा मित्राकडे 'बेंगालो' मागतो तेव्हा तो बंगालचं नाव घेत असतो. हे नाव तिकडे पोचलं त्या काळात जगातला उत्तम सोरा बंगाल सुभ्यातून जात होता. सुभ्यात बिहार आलाच, आणि सोऱ्याचं मोठं ठाणं होतं पाटणा. नोनिया समाजाची माणसं गावाजवळची खारट माती खरवडत, पाण्यात भिजवून निथळ काढत, तो आटवून सोऱ्याचे खडे पाडत. डच, फ्रेंच, इंग्रज कंपन्या या खड्यांसाठी भांडत. प्लासीनंतर 1758 मध्ये क्लाइव्हने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता इंग्रजांकडे घेतला. मग युरोपच्या तोफा आणि युरोपची दारूकामं या मातीवर चालली. दारूकामाचा झगमगाट आपण बघतो, पण त्याच्या तळाशी मिठागरासारख्या जमिनीत पाय फाटलेली माणसं आहेत आणि त्यांचं नाव कोणत्याही भाषेने त्या नळीला दिलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

बंगालचं नाव इकडे परतही आलं. शिवकाशीच्या नाडर समाजातल्या दोन भाऊबंदांनी 1920 च्या दशकात कलकत्त्याला जाऊन काडेपेटीचा धंदा शिकून घेतला आणि गावी कारखाना काढला. त्यांच्या सुरुवातीच्या मालात रंगीत उजेडाच्या 'बेंगाल' काड्या होत्या. दिवाळीत आपण पोरांच्या हातात रंगीत काडेपेटी देतो, ती त्याच घरातली.

आता समुद्राकडे वळायला हवं, कारण फ्लेअरला त्याचा आजचा स्वभाव समुद्राने दिला. अमेरिकेत मार्था कोस्टन नावाची तरुण विधवा होती. 1848 मध्ये नवरा वारला. त्याच्या वहीत रात्री जहाजांनी एकमेकांना खुणा करण्यासाठी रंगीत ज्योतींची अर्धवट कल्पना होती. पदरी लहान मुलं, हातात पैसा नाही आणि रसायनशास्त्राचं शिक्षण नाही. तरी तिने दहा वर्षं ती कल्पना सोडली नाही. पांढरा आणि लाल जमला, तिसरा रंग जमेना. 1858 मध्ये अटलांटिकखालून तार गेली त्याचा न्यूयॉर्कमध्ये उत्सव झाला. तिथलं दारूकाम पाहून तिने कारागिरांना पत्रं लिहिली आणि वाट सापडली. 1859 मध्ये पेटंट मिळालं. अमेरिकन यादवी युद्धात आणि पुढे बुडत्या जहाजांच्या सुटकेत तिच्या ज्योतींनी काम केलं. 1877 मध्ये एडवर्ड व्हेरी या नौदल अधिकाऱ्याने ज्योत आकाशात उडवणारं पिस्तूल काढलं. आपल्याकडे अशी सामग्री देहूरोडच्या आयुध निर्माणीत तयार होते. तुकोबांच्या गावाशेजारी धुराच्या आणि खुणेच्या नळ्या भरल्या जातात.

समुद्रावरच्या फ्लेअरला अटी कडक असतात. जहाजावरची हातात धरायची लाल ज्योत निदान एक मिनिट जळली पाहिजे, तिचा उजेड 15,000 कँडेला हवा आणि 10 सेकंद पाण्याखाली बुडवून काढली तरी ती जळत राहिली पाहिजे. वादळात, लाटांत, ओल्या हातात ती विझता कामा नये. तिच्यातल्या मसाल्यात जळणारं मॅग्नेशियम आणि त्याला प्राणवायू पुरवणारा क्षार, दोन्ही सोबतच असतात. बाहेरच्या हवेची तिला गरज नाही. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा. उष्णता हजार-दीड हजार अंशांच्याही वर जाते. ज्याला मदत हवी आहे त्याच्यासाठी हा गुण वरदान आहे. पण तीच नळी खुर्च्यांच्या दाट रांगेत, नायलॉनची जर्सी घातलेल्या माणसाच्या खांद्याजवळ हातातून निसटली तर? पाणी ओतून उपयोग नाही, पायाने तुडवून उपयोग नाही आणि मागे सरकायला जागा नाही.

फुटबॉलच्या गॅलरीत ती आली इटलीतून. 1960 च्या दशकाच्या शेवटी तिथे 'अल्ट्रा' म्हणवणाऱ्या समर्थकांचे जथे उभे राहिले. ढोल, झेंडे, प्रचंड कापडी फलक आणि त्यांच्या सोबत धूर व बेंगाला. तिथून हे लोण बाल्कनमध्ये, जर्मनीत, पोलंडमध्ये पसरलं. मला या माणसांचं म्हणणं कळतं. नव्वद मिनिटं हजारो माणसं एका रंगात विरघळतात, गरिबाच्या पोराला त्या लाल उजेडात आपण कुणीतरी आहोत असं वाटतं. मराठीत 'टेंभा मिरवणं' हा वाक्प्रचार टिकला तो यामुळेच. पेटता टेंभा हातात असला की माणूस मोठा दिसतो.

पण त्या टेंभ्याने मारलेली माणसंही मोजायला हवीत. ऑक्टोबर 1979 मध्ये रोमच्या दोन संघांच्या सामन्यात समोरच्या टोकाच्या गॅलरीतून सुटलेला जहाजी अग्निबाण 33 वर्षांच्या प्रेक्षकाच्या डोळ्यात घुसला. बायको शेजारी बसलेली होती. मार्च 1992 मध्ये बार्सिलोनात एस्पान्योलच्या मैदानावर 13 वर्षांचा मुलगा असाच गेला. नोव्हेंबर 1993 मध्ये कार्डिफला वेल्स-रुमानिया सामना संपताना 67 वर्षांचे गृहस्थ, फेब्रुवारी 2013 मध्ये बोलिव्हियाच्या ओरुरोत 14 वर्षांचा मुलगा. हे चौघंही हातातल्या ज्योतीने नव्हे, उडणाऱ्या बाणाने गेले. पेटवणारा मात्र आपण उत्सव करतोय याच समजुतीत होता.

एप्रिल 2005 मध्ये मिलानच्या दोन संघांतला सामना गॅलरीतून फ्लेअरचा पाऊस पडल्याने सोडून द्यावा लागला. एक फ्लेअर गोलरक्षक दिदाच्या खांद्यावर आदळलं होतं. त्या दिवसाचं एक छायाचित्र जगभर गाजलं: दोन विरोधी खेळाडू, मातेराझ्झी आणि रुई कोस्ता, शेजारी शेजारी उभे राहून धुरातला लाल उजेड बघताहेत. छायाचित्र अतिशय सुंदर आहे, आणि मला ते बघताना नेहमी अस्वस्थ वाटतं, कारण खेळाडूंना प्रेक्षक व्हावं लागलं तो हा क्षण.

धुराच्या नळीची जात थोडी वेगळी. तिच्यात साखरेसारखा पदार्थ क्लोरेटसोबत मंद जळतो, त्या उष्णतेने रंगाची पूड वाफ होऊन बाहेर पडते आणि हवेत थंड होऊन तिचे बारीक कण तरंगतात. उष्णता जास्त झाली तर रंगच जळून जाईल, म्हणून ही नळी ज्योतीपेक्षा सौम्य ठेवावी लागते. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. डबी हात भाजेल इतकी तापते आणि ते कण छातीत जातात. मोठी भीती वेगळीच आहे: जिना दिसत नाही. 13 डिसेंबर 2023 ला लोकसभेत पिवळा धूर पसरला तेव्हा साऱ्या देशाने ही डबी पहिल्यांदा नीट पाहिली. काही क्षण खासदारांनाही कळेना की हा नुसता रंग आहे की विष. गर्दीला असा संशय आला तर चेंगराचेंगरीला दुसरं कारण लागत नाही.

आपल्या देशात हे सगळं आता फुटबॉलसोबत आलं आहे. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये ईस्ट बंगाल आणि मोहन बागानचे समर्थक फ्लेअर पेटवतात. बंगालची आग जगभर फिरून बंगालमध्ये पोचली. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या अरीकोडजवळ 18 फेब्रुवारी 2025 ला सेव्हन्स म्हणजे सात-सात खेळाडूंच्या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याआधी मैदानात दारूकाम लावलं, ते प्रेक्षकांत घुसलं आणि तीसहून अधिक माणसं जखमी झाली. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ भिडतात तेव्हाची ईर्षा ज्याने पाहिली आहे, त्याला मुद्दाम सांगायला नको की तिथल्या गॅलरीला हलगी पुरेशी आहे. त्या गर्दीत हजार अंशांची नळी मला नको वाटते.

मार्ग निघालेलेही आहेत. फेब्रुवारी 2020 मध्ये हॅम्बुर्गच्या फुटबॉल क्लबने परवानगी घेऊन, गॅलरीसमोर मोकळ्या जागेत, जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली धुराची भांडी पेटवली. कुणाला इजा झाली नाही. युरोपीय फुटबॉल संघटना आणि समर्थकांच्या संघटनेने मिळून 2016 मध्ये एका दारूकाम-तज्ज्ञाकडून अभ्यास करून घेतला. त्यात निष्कर्ष निघाला की प्रेक्षकांच्या रांगांमध्ये फ्लेअर सुरक्षितपणे वापरताच येत नाही. मला हे दोन्ही एकमेकांना धरून वाटतं. नळीला मोकळी जागा हवी. आपले पूर्वज हे जाणून होते. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीतल्या 'दारूच्या लंके'चं वर्णन ऐकवल्याचं पेशव्यांच्या बखरीत आहे. ती लंका कोट्याचा राजा नगराबाहेर रचायचा, आणि ऐकून पेशव्यांनी तसाच खेळ करवला तो पर्वतीच्या पायथ्याशी, शनिवारवाड्याच्या चौकात नव्हे.

भाच्याशी माझा वाद झाला तो याच मुद्द्यावर. त्यांच्या मित्रमंडळाच्या फुटबॉल स्पर्धेसाठी त्यांनी ऑनलाइन रंगीत धुराच्या डब्या मागवायच्या ठरवल्या होत्या. "लग्नात चालतं, मग मैदानात का नाही?" तो म्हणाला. प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, वरातीत डीजेच्या गाडीला खेटून नाचणाऱ्या पोरांत लावतात ते तिथेही चालू नये. आजी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, आमच्या वेळी दारूवाला वरातीच्या वीस पावलं पुढे चालायचा आणि पोरांना जवळ येऊ द्यायचा नाही.

शेवटी पोरांनी डब्या मागवल्या नाहीत. वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले शेजारचे काका तयार झाले. सामना सुरू व्हायच्या आधी, वारा प्रेक्षकांकडून पलीकडे वाहतोय हे मूठभर माती उधळून बघून, मैदानाच्या दूरच्या कोपऱ्यात त्यांनी जमिनीत रोवलेल्या दोन चंद्रज्योती पेटवल्या. मिनिटभर सगळं मैदान चांदण्यासारखं झालं. पोरं ओरडली, डफडं वाजलं, चेंडू मध्यावर ठेवला गेला. काका मात्र कोपऱ्यातून हलले नाहीत. जळलेल्या नळ्या रेतीच्या बादलीत खोवून ते पूर्वार्ध संपेपर्यंत तिथेच उभे होते, अधूनमधून हाताच्या पाठीने बादलीची कड चाचपत.