बस चौलला का थांबत नाही?

नागाव, चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरुड आणि शेवटी राजपुरीचा धक्का. अलिबागहून निघालेल्या प्रत्येक सहलीचा हा ठरलेला रस्ता. बरीच वर्षं मी शाळेच्या मुलांना घेऊन या रस्त्याने जातोय. काशीदला पाण्यात खेळायचं, डबे खायचे आणि मग शिडाच्या होडीतून जंजिरा. चौलला मात्र बस थांबत नाही. "तिथे बघण्यासारखं काय आहे, सर?" असं ड्रायव्हर विचारतो आणि बरोबरचे शिक्षकही.

जंजिऱ्यावर बघण्यासारखं पुष्कळ आहे, यात वाद नाही. होडी अगदी तटाखाली जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. पंजात हत्ती धरलेला वाघ, कलालबांगडी तोफ आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत गोड्या पाण्याचा तलाव. पण तिथे सांगितला जाणारा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो: किल्ला कुणी घ्यायला बघितला आणि कुणी घेऊ दिला नाही. एका सहलीत परतताना सातवीतल्या एका मुलाने शेजारी बसलेल्या वर्गमित्राला सहज विचारलं, "मग तुम्ही लोक सिद्दीकडून होता ना?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ज्याला विचारलं, तो धक्का येईपर्यंत पाण्याकडेच बघत राहिला.

याचं उत्तर होडीत पाच मिनिटांत देता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

सिद्दी मूळचे पूर्व आफ्रिकेचे, हबसाणातले. कुणी गुलाम म्हणून आले, कुणी शिपाई म्हणून, कुणी खलाशी म्हणून. जंजिऱ्याच्या सिद्दींनी आधी निजामशाहीची चाकरी केली, मग आदिलशाहीची, पुढे मोगलांची. किनाऱ्यावरच्या गावांना त्यांनी लुटलं, माणसं धरून नेली, हे खरं आहे आणि ते झाकायचं कारण नाही. त्यांच्यावर वचक बसावा म्हणून शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला. १६८२ मध्ये संभाजीराजांनी तर किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव टाकायला घेतला. पण महाराजांचं आरमार घेऊन दर्यावर उतरणारे सरदार कोण? दौलतखान आणि दर्यासारंग. आणि १६८९ मध्ये मुंबईत इंग्रजांना कोंडीत पकडणारा कोण? जंजिऱ्याचाच सिद्दी. तेव्हा 'कुणाकडून' याचं उत्तर धर्मावरून देता येत नाही. ज्याची चाकरी, त्याच्याकडून. इतकं साधं होतं ते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. जंजिऱ्यापासून सुरुवात केली की या किनाऱ्यावरचा मुसलमान पहिल्यांदा दिसतो तो तोफेमागे उभा असलेला. प्रत्यक्षात जंजिऱ्याच्या सिद्दींआधी काही शतकं तो इथे येऊन राहिला होता. तो राहत होता त्या गावावरूनच आपली बस न थांबता पुढे जाते.

बगदादचा अल-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास सैमूरला आला. सैमूर म्हणजे आपलं चौल. वर राष्ट्रकूटांचं राज्य आणि इथे शिलाहार राजा झंझ. मसऊदी लिहितो, गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान आहेत. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले तर आहेतच, पण याच मातीत जन्मलेलेही आहेत. त्यांना 'बयासिरा' म्हणत. त्यांच्या आपसातल्या तंट्यांचा निवाडा करायला राजाने त्यांच्यातलाच एक माणूस नेमला होता. त्याचा हुद्दा 'हुनरमन'. उर्दू शिकणाऱ्या माझ्या मुलांना यातला 'हुनर' लगेच ओळखता येतो. महमूद गझनवी तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

याच काळातला आणखी एक पुरावा उत्तरेकडे, डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला सापडला. मुंबईकर तिथेही एका दिवसाच्या सहलीला जातात. इ.स. ९२६ चा तो ताम्रपट संस्कृतात आहे. त्यात संजाणचा कारभार पाहणारा राष्ट्रकूटांचा अधिकारी 'ताजिक', म्हणजे अरब आहे. त्याचं नाव दिलंय मधुमती. मोहम्मद म्हणताना कोरणाऱ्याची जीभ अशी वळली! या मधुमतीने दोन ओढ्यांवर फुकट नाव ठेवली आणि संजाणला भात, कालवण आणि तूप फुकट मिळेल असं अन्नछत्र घातलं. त्याच्या संमतीने देवीच्या मठाला जमीन दिल्याची नोंदही त्याच पत्र्यावर आहे.

शिवाय भाषा आहेच. बंदर, नाखवा, सारंग हे फारसीतून आले. खलाशी, तुफान, गुराब हे अरबीतून. 'जंजिरा' म्हणजे अरबी 'जझीरा', बेट. कोळीवाड्यात नाखवा म्हणताना हा परका शब्द आहे असं कुणाच्या मनातही येत नाही.

चौलला पुढे बरंच घडलं. १४६९ मध्ये रशियाचा अफनासी निकितीन इथेच उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे, पण बस तिथेही थांबत नाही. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं आणि त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. पोर्तुगीज तरीही टिकले. १७४० मध्ये मराठ्यांनी त्यांना घालवलं, पण कोर्लईच्या काही घरांत पोर्तुगीज मिसळलेली बोली आजही बोलली जाते. मुलांना हे सांगितलं की कोर्लई येईपर्यंत बसमध्ये गाणी बंद होतात.

या वर्षी मी वेळापत्रकच बदललंय. काशीदचा एक तास कमी केलाय, त्यामुळे मुलं नाराज आहेत. सकाळी आधी चौल. तिथे नारळ-पोफळीच्या वाड्यांमध्ये जुना हमामखाना उभा आहे, राजकोटाच्या बाजूला मशिदीचे अवशेष आहेत आणि रामेश्वराचं देऊळही त्याच गावात आहे. तिन्ही बघायला दीड तास पुरतो. वाटेत पाटी नाही, वाडीत कुणालातरी विचारावं लागतं. डबे तिथेच खाऊ आणि भरती बघून दुपारी राजपुरी गाठू.