ताई-ची व पक्षाघातोत्तर पुनर्वसन
पक्षाघातातून वाचलेल्या रुग्णाला गेलेला तोल परत मिळावा, म्हणून ताई-ची या संथ चिनी व्यायामप्रकाराचा करण्यात येणारा उपयोग. मूळची ही युद्धकला. जांग सान-फंग या ताओवादी योग्याने ती निर्माण केली, ही केवळ आख्यायिका होय. तिचा विश्वसनीय इतिहास सतराव्या शतकात हनान प्रांतातील छन घराण्याच्या गावापासून सुरू होतो. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने तिची २४ हालचालींची सुलभ मालिका तयार केली व घराण्याची विद्या सार्वजनिक आरोग्याचे साधन बनली.

महाराष्ट्रात असेच स्थित्यंतर योगासनांचे झाले. लोणावळ्याच्या कैवल्यधामात (स्थापना १९२४) स्वामी कुवलयानंदांनी आसनांची शास्त्रीय तपासणी आरंभिली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (१९१४) वऱ्हाडात व्यायामाची परंपरा रुजविली. परंतु ती धडधाकट तरुणांसाठी होती. अपंगांच्या पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ मध्ये निघाली, तीही मुंबईत.

अर्धांग लुळे पडलेला रुग्ण शरीराचा सर्व भार चांगल्या पायावर टाकतो आणि दुर्बल बाजू अधिकच निकामी होते. ताई-चीमध्ये गुडघे किंचित वाकवून, धड ताठ ठेवून, भार एका पायावरून दुसऱ्यावर अतिशय सावकाश नेतात. त्यामुळे दुर्बल पायालाही भार पेलावा लागतो. हाँगकाँगमध्ये १३६ जुन्या रुग्णांवर बारा आठवडे केलेल्या प्रयोगात (२००९) सामान्य व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताई-ची करणाऱ्यांचा उभ्याने तोल अधिक सुधारला. खुर्चीतून उठून चालण्याच्या चाचणीत मात्र विशेष फरक पडला नाही. प्रचारक हे सहसा सांगत नाहीत.

ग्रामीण विदर्भात हा प्रश्न लहान नाही. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांच्या पाहणीत (प्रसिद्धी २०१५) सातांपैकी सुमारे एक मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आढळले. विदर्भाच्या पश्चिम टोकाच्या बुलढाणा जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. तरी संग्रामपूर वा लोणार तालुक्यातील खेड्यातून लुळ्या पायाच्या माणसाने उपचारासाठी वारंवार जिल्ह्याच्या गावी जाणे दुष्करच. ताई-चीला उपकरण लागत नाही, अंगण पुरते. मात्र आरंभीचे धडे भौतिकोपचारतज्ज्ञाकडूनच घ्यावे लागतात. रक्तदाब आटोक्यात नसल्यास अथवा आधाराशिवाय उभे राहता येत नसल्यास हा व्यायाम एकट्याने करू नये. प्रारंभी भिंतीजवळ, घरातील माणूस दुर्बल बाजूस उभा असताना तो करावा.