मरण कोण ठरवतं? केईएम ते फॉर्म नंबर ७

आपल्या पॉडकास्टचा हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलण्याची सवय थोडी शिल्लक राहिली असेल, सांभाळून घ्या.

आजची गोष्ट सुरू होते ३ डिसेंबर १९६७ला. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउन शहरात, ग्रूट शूर हॉस्पिटलमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवलं. रुग्ण होते लुई वॉशकान्स्की. ते १८ दिवस जगले, पण जगभर खळबळ उडाली. आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८मध्ये, तीच शस्त्रक्रिया आपल्या मुंबईत झाली. परळच्या केईएममध्ये, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या हातून. भारतातलं पहिलं आणि आशियातलंही पहिलंच हृदयरोपण. रुग्ण काही तासच जगला. आज आपल्याकडे बर्नार्डचं नाव शाळेतल्या पोरांनाही सांगता येतं, सेन यांचं नाव मात्र डॉक्टर मंडळी सोडली तर फारसं कुणाला माहीत नसतं.

आता यातला खरा पेच बघा. किडनी जिवंत माणूस देऊ शकतो, दोन असतात. हृदय एकच. म्हणजे देणारा मेलेलाच पाहिजे. पण हृदय मात्र कामाचं पाहिजे. मग मेला म्हणजे नक्की काय?

हजारो वर्षं याचं उत्तर सोपं होतं. श्वास थांबला, नाडी थांबली, संपलं. विसाव्या शतकात व्हेंटिलेटर आला आणि उत्तर बिघडलं. फ्रान्समधल्या मोलारे आणि गुलाँ या दोन डॉक्टरांनी १९५९मध्येच लिहून ठेवलं होतं की काही रुग्ण कोमाच्याही पलीकडे गेलेले असतात; मशीन श्वास देतं, हृदय चालतं, पण मेंदू संपलेला असतो. ऑगस्ट १९६८मध्ये हार्वर्डच्या समितीने अशी अवस्था ओळखायच्या कसोट्या छापल्या.

त्याच ऑगस्टमध्ये जपानमध्ये साप्पोरोला डॉ. जुरो वाडा यांनी हृदयरोपण केलं. रुग्ण गेला, आणि नंतर प्रश्न उठला की ज्याचं हृदय काढलं तो खरंच मेला होता का? वाडांवर खुनाची तक्रार झाली. खटला उभा राहिला नाही, पण लोकांचा विश्वास गेला तो गेलाच. जपानमध्ये पुढचं हृदयरोपण व्हायला १९९९ उजाडलं. एक शंका, तीस वर्षं.

आपल्याकडे काय होतं? १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा काढून बघा. मृत्यूची व्याख्या आहे: जीवनाच्या सगळ्या खुणा कायमच्या नाहीशा होणं. मेंदूचा उल्लेख नाही. त्यात ऐंशीच्या दशकात किडनीचा बाजार सुरू झाला. गरिबाने विकायची, पैसेवाल्याने घ्यायची. १९९१मध्ये एल. एम. सिंघवी समिती नेमली गेली. पण आरोग्य हा राज्यांचा विषय. संसदेला कायदा करायचा तर घटनेच्या कलम २५२प्रमाणे किमान दोन राज्यांनी ठराव करून तसं सांगावं लागतं. तो ठराव तीन राज्यांनी केला: गोवा, हिमाचल प्रदेश आणि आपला महाराष्ट्र.

८ जुलै १९९४ला मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयरोपण केलं. २०२३पासून ३ ऑगस्ट हाच आपला अवयवदान दिन आहे. कायदा प्रत्यक्ष लागू झाला ४ फेब्रुवारी १९९५ला. त्यात १९६९चीच भाषा उचलली आहे, जीवनाच्या सगळ्या खुणा कायमच्या नाहीशा होणं, आणि पुढे जोडलंय: मस्तिष्कस्तंभ मृत झाल्यामुळे, किंवा हृदय आणि श्वास थांबल्यामुळे. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला 'ऑर कंडिशन' म्हणतो, ती. एवढ्या एका 'किंवा'साठी २६ वर्षं गेली.

हे सगळं मी का वाचत बसलो? कारण गेले काही महिने आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात याच 'किंवा'वर वाद चालू होता. मला अवयवदानाचा फॉर्म भरायचा होता. आई म्हणाली, "छाती वरखाली होतीय, अंग गरम हाय, आणि मी सही करू घेऊन जा म्हणून? आईनं?" यावर आकडे सांगून उपयोग नसतो हो. तिने केईएमचंच उदाहरण दिलं, अरुणा शानबाग. "ती बाई ४२ वर्षं जगली की."

आईचा मुद्दा चुकीचा नव्हता, फक्त ती वेगळी अवस्था होती. २०११च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की अरुणाताई मेंदूमृत नव्हत्या. त्यांचा श्वास त्यांचा स्वतःचा होता. मस्तिष्कस्तंभ गेला की श्वासाची प्रेरणाच संपते. म्हणून तपासणीत व्हेंटिलेटरचा आधार काढून बघतात, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. जराही मेंदू शिल्लक असेल तर शरीर श्वास घ्यायला धडपडतं. काहीच झालं नाही तर कळतं. हृदय तरीही चालतं, कारण त्याची ठिणगी त्याच्या आतच असते, ऑक्सिजन मिळेपर्यंत ते धडधडतं. आणि हे एक डॉक्टर ठरवत नाही. चार जणांचं मंडळ असतं, तपासण्या दोनदा करतात, मध्ये किमान ६ तास जाऊ देतात, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला कुणी त्या मंडळात नसतो. जपानमध्ये जी शंका तीस वर्षं छळत राहिली, तिचं उत्तर कायद्यात असं बसवलंय.

आज्जीचा प्रश्न वेगळाच. आमच्यात दहन नाही, बसवून समाधी देतात. सिद्धरामेश्वरांची समाधी असलेल्या गावातली बाई ती, तिला काळजी की पुरायला पोराचं अख्खं शरीर मिळणार का? तर मिळतं. अवयव काढले की शरीर नीट शिवून घरच्यांच्या ताब्यात देतात, सगळे विधी करता येतात. आज्जीच्या मनात होतं ते देहदान, ज्यात शरीर मेडिकल कॉलेजला जातं. तो कायदा वेगळा, १९४९चा शरीरशास्त्र अधिनियम. आपण बोलताना दोन्हींची सरमिसळ करतो आणि त्या गोंधळात बरेच जण दोन्हींना नाही म्हणून मोकळे होतात.

मी फॉर्म ७ भरला. पण इतिहास वाचून एक गोष्ट पक्की कळली, ती सांगतो. कायद्यात माझ्या सहीला वजन आहे, तरी प्रत्यक्षात घरच्यांना विचारल्याशिवाय कुठलंही हॉस्पिटल पुढे जात नाही. म्हणजे त्या रात्री आयसीयूच्या बाहेर प्रश्न मला नाही, आईला विचारला जाणार. माझ्या फॉर्मचा खरा उपयोग एवढाच की तिला एकटीला ठरवावं लागू नये. "त्याने सांगून ठेवलंय" असं म्हणता यावं. आई अजून "हो" म्हणालेली नाही. "तू सांगितलंस, मी ऐकलं," इतकंच म्हणाली. मला तेवढं पुरेसं वाटतं. महिनाभरापूर्वी ती विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जायची.

आता सोलापूरकरांसाठी कामाचं. आपण पुणे विभागीय समन्वय समितीच्या, झेडटीसीसीच्या, हद्दीत येतो. हृदय बाहेर काढल्यावर साधारण चार ते सहा तासच टिकतं आणि पुणे रस्त्याने अडीचशे किलोमीटर, म्हणून ग्रीन कॉरिडॉर लागतो. पण खरं सांगू? आपल्यातल्या बहुतेकांना मरण साधंच येणार, घरी किंवा वॉर्डात. तेव्हा हृदय, यकृत देता येत नाही. डोळे मात्र देता येतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन गेला पाहिजे, टीम घरी येते, डोळे मिटून ठेवायचे आणि पंखा बंद करायचा. चष्मा असला, वय ८० असलं तरी चालतं. हे वाक्य तर आज रात्री जेवताना घरात बोलता येईल.

फॉर्म भरा किंवा नका भरू, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण जे ठरवाल ते घरात मोठ्याने सांगा. कारण शेवटी तो प्रश्न त्यांनाच विचारला जाणार आहे.

भेटू पुढच्या भागात.