हॅम्लेटची दिरंगाई आणि अश्वत्थाम्याची घाई

विचाराच्या ओझ्याखाली ज्याची कृती गुदमरली तो हॅम्लेट, हे समीकरण इंग्रजी शिक्षणाबरोबर आपल्याकडे आले आणि सुशिक्षित घरांत इतके रुळले, की कोणी निर्णयास चालढकल करू लागला म्हणजे त्याला हॅम्लेट म्हणून मोकळे होण्याची रीतच पडली. आम्हांस हे समीकरण पटत नाही. हॅम्लेटच्या हाती उपसलेली तलवार आहे, शत्रू पाठमोरा आहे, आणि तरीही तो तलवार खाली घेतो, त्या एका प्रसंगी तो दुबळा नसतो; त्याचा सूड त्या घटकेस सर्वांत क्रूर झालेला असतो, असे आमचे मत आहे.

मूळ कथेत दिरंगाईचे कोडे नव्हतेच. सॅक्सो ग्रामॅटिकस या डॅनिश इतिहासकाराने इसवी सन १२००च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिलेल्या बखरीत अ‍ॅम्लेथ नावाच्या राजपुत्राची हकीकत आहे. चुलता फेंग याने अ‍ॅम्लेथच्या बापाला मारले, त्याच्या विधवेशी लग्न केले. आणि हा खून काही गुपित नव्हता. साहजिकच मुलगा उद्या उलटेल ही धास्ती फेंगला होती. जीव वाचवायचा तर वेड्याचे सोंग घेणे आणि संधीची वाट पाहणे एवढाच मार्ग अ‍ॅम्लेथपुढे उरतो. संधी मिळताच तो दारू पिऊन पडलेल्या सरदारांवर भिंतींवरचे पडदे पाडतो, ते आकड्यांनी जखडतो, वाड्याला आग लावतो, आणि अंथरुणातल्या चुलत्याला ठार करतो. एवढे करून तो जिवंत राहतो व राजाही होतो. बेलफोरे या फ्रेंच लेखकाने १५७० साली ही गोष्ट आपल्या भाषेत सांगितली, आणि पुढे लंडनच्या रंगभूमीवर तिचे एक जुने नाटकही झाले; ते आज उपलब्ध नाही.

शेक्सपिअरने १६००च्या आसपास हे कथानक हाती घेतले तेव्हा खून गुप्त झालेला होता. त्याची वार्ता सांगायला पित्याचे भूत येते. आता राजाला पुतण्याचा संशय येण्याचे कारण राहिले नाही. वेडाच्या सोंगाने रक्षण होण्याऐवजी संशय मात्र वाढतो. म्हणजे विलंब कायम राहिला आणि त्याचे जुने कारण गळाले. पहिल्या अंकात पित्याला जाऊन दोन महिनेही झालेले नाहीत. नाटकातल्या नाटकाच्या वेळी ऑफिलिया चार महिन्यांचा हिशेब सांगते. मधले दोन महिने हॅम्लेटने काय केले याचे उत्तर नाटककार देत नाही. भूत खरोखर पित्याचे, की सैतानाने घेतलेले रूप, ही शंका हॅम्लेटला आहे, आणि त्या काळच्या प्रोटेस्टंट इंग्लंडात ती मुळीच पोरकट नव्हती. परंतु नाटकातला खून पाहून राजा उठून जातो आणि शंका फिटते. येथवर विलंबाला चौकशी म्हणता येईल.

यानंतर लगेच प्रार्थनेचा प्रसंग येतो. क्लॉडियस एकटा गुडघे टेकून बसला आहे. हॅम्लेट मागून येतो, तलवार उपसतो, आणि थांबतो. का? प्रार्थना करताना मारला तर हा स्वर्गाला जाईल. माझ्या बापाला तर पापांची कबुली देण्याचीही उसंत मिळाली नव्हती. तेव्हा तो दारूत, रागात किंवा शय्येवर असेल अशा वेळी गाठावा, म्हणजे आत्मा थेट नरकात जाईल. हा विचार भित्र्याचा नव्हे. मनुष्य मारून ज्याचे समाधान होत नाही, ज्याला त्याचा परलोकही बुडवायचा आहे, अशाचा आहे. पुढे लेआर्टीझ आपल्या पित्याच्या खुन्याला देवळातसुद्धा कापायला तयार होतो आणि आपण त्याला आततायी समजतो; वास्तविक त्याचा सूड देहापाशी थांबणारा, म्हणून हॅम्लेटच्या सुडाहून लहानच आहे.

डॉ. जॉन्सनने १७६५ साली या भाषणाविषयी लिहिताना ते वाचवत नाही व उच्चारवत नाही इतके भयंकर असल्याचे म्हटले, म्हणजे त्याने ते खरे मानले. पुढील पिढ्यांना मात्र नायक इतका दुष्ट असलेला रुचेना. गटेने १७९५-९६च्या आपल्या कादंबरीत हॅम्लेटला न पेलणाऱ्या कार्याखाली मोडणारा कोमल जीव ठरविले. कोलरिजने व्याख्यानांतून विचारांच्या अतिरेकावर बोट ठेवले (आपल्याही स्वभावात हॅम्लेटची छटा आहे, असे तो स्वतःच म्हणे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे). मग प्रार्थनेपाशी काढलेले ते क्रूर उद्गार ही केवळ सबब ठरली. ब्रॅडलीने १९०४ साली विचारातिरेकाचा सिद्धांत नाकारला खरा, पण त्याच्या जागी खिन्नता आणली. नायक निर्दोष आणि आजारी, एवढे मात्र कायम राहिले.

आपल्या वाचकांना हा प्रसंग परका वाटू नये, कारण त्याचे भावंड महाभारताच्या सौप्तिकपर्वात आहे. द्रोणाचार्यांच्या वधाने पेटलेला अश्वत्थामा रात्री वडाखाली बसला असता घुबडाने निजलेले कावळे मारलेले पाहतो आणि त्याला वाट सुचते. कृपाचार्य थांबायला सांगतात, वडीलधाऱ्यांचा सल्ला घे म्हणतात. तो थांबत नाही. छावणीत शिरून तो धृष्टद्युम्नाला झोपेतच धरतो. धृष्टद्युम्न विनवितो की मला शस्त्राने मार, म्हणजे सद्गती तरी मिळेल. अश्वत्थामा नकार देतो: गुरुघातक्याला कोणताच लोक नाही. आणि त्याला लाथांनी तुडवून मारतो.

एकाने विलंब केला, दुसऱ्याने पहाटेचीही वाट पाहिली नाही. परंतु शत्रूला उत्तम गती मिळू द्यायची नाही, हा हेतू दोघांचा एकच. व्यासांनी मात्र अश्वत्थाम्यासाठी सबब शोधली नाही. मस्तकीचा मणी गेला, तीन सहस्र वर्षे एकाकी भटकण्याचा शाप मिळाला. आणि आपल्या लोकांनी त्याला नर्मदाकाठी भळभळत्या जखमेसाठी तेल मागत फिरवले. त्याच्या दुःखाची कणव आपल्याला येते, पण ते कृत्य हळव्या मनाचे होते असे कोणी म्हणत नाही.

या दृष्टीने आगरकरांनी आपल्या भाषांतराला दिलेले नाव आम्हांस फार मार्मिक वाटते. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळकांसह त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, आणि १८८३ साली ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झाले. भुताखेतांवर काडीचा विश्वास नसलेल्या या बुद्धिवाद्याने भुताला मराठी बोलायला लावले, ही गंमत वेगळीच. पण नावात संशय नाही, विचार नाही. विकार आहे, आणि त्याचा खेळ आहे. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी साकारलेला चंद्रसेन एका पिढीला वेड लावून गेला. मराठी मंडळ्यांचे दौरे वडोदरा, इंदूर, बेळगावपर्यंत होत त्या काळात आमच्यापैकी कित्येकांच्या पणजोबांना हॅम्लेट भेटला तो प्राध्यापकांच्या टिपणांतून नव्हे, या नावाखाली भेटला.

हॅम्लेट स्वतःच स्वतःला दिरंगाईचा दोष देतो त्याचे काय, असे कोणी विचारील. ज्या स्वगतात तो तो दोष सर्वांत कठोरपणे देतो, ते फोर्टिनब्रासचे सैन्य पाहिल्यानंतरचे स्वगत १६०४-०५च्या प्रतीत आहे, १६२३च्या संग्रहात नाही. केवळ त्यावर स्वभावचित्राची इमारत उभारणे धोक्याचे आहे. उलट प्रार्थनेचा प्रसंग दोहोंतही आहे, आणि त्यानंतर काही क्षणांतच हा म्हणे कृतिशून्य राजपुत्र पडद्याआड कोण आहे हे न पाहता तलवार खुपसून पोलोनियसला मारतो.

हिशेबच मांडायचा तर प्रार्थनेच्या वेळी ही सर्व मंडळी जिवंत होती. तेव्हा एक मेला असता. त्यानंतर पोलोनियस, ऑफिलिया, दोघे बालमित्र, राणी, लेआर्टीझ, राजा आणि स्वतः हॅम्लेट असे आठ जातात, आणि राज्य परक्या फोर्टिनब्रासच्या हाती जाते. क्रूर थट्टा अशी की हॅम्लेट निघून जाताच क्लॉडियस उठून सांगतो, माझे शब्द वर गेले, मन खालीच राहिले. म्हणजे हॅम्लेटला हवा होता तसा पापी मृत्यू तेव्हाच त्याच्या तलवारीच्या टोकाशी होता. अखेरच्या दृश्यात क्लॉडियस मरतो तो विषाच्या पेल्याशेजारी, कपट करीत असताना, प्रार्थनेवाचून. हॅम्लेटने मागितले होते ते अक्षरशः घडते. पण त्या वेळी त्याच्या तोंडी आईचा उल्लेख येतो, होरेशिओने मागे राहून सांगायच्या आपल्या हकीकतीचा येतो. पित्याचे नाव येत नाही.